घासाघीस



दर दिवाळीला आपल्यापैकी कुणाच्या तरी पोटापाण्याच्या धंद्याची गोष्ट सांगायची, असा या सदराचा रिवाज. संगणकवाल्यांची पाळी बऱ्याचदा येऊन गेली. यंदा पत्र्याची. पत्रा म्हटल्यावर एनस्खेडेकरांनी तरी नाक मुरडू नये. आपलं हे गाव मुळात कापडगिरण्यांचं, म्हणजे थोडक्यात इथलं गिरणगाव. गिरण्यांची घसरण सुरू होत होती त्याच काळात, १९६१ साली, इथे तांत्रिक शिक्षणाची संस्था स्थापन झाली आणि तिचं पुढे ट्वेन्टे विद्यापीठ झालं. पत्रा साच्यावरून कसा घसरतो आणि कुठे अडतो, याचा अभ्यास तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. आपली मुलं तिकडे सायकलने जातात, आणि भारतातले आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर विचारतात, "पण तो नेमकं करतो काय?" त्यातल्या काही मुलांपुरतं तरी उत्तर या लेखात मिळेल.

सपाट पत्र्याचा डबा कसा होतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांना इंजिनियरांपेक्षा लवकर कळतं, कारण उकडीच्या मोदकात हाच प्रश्न असतो. पारी गोल आणि सपाट. तिची वाटी करायची म्हणजे बाहेरचा मोठा घेर लहान घेरात मावला पाहिजे. जास्तीची उकड जाणार कुठे? कळ्यांमध्ये. मोदकाला कळ्या हव्यातच, म्हणून आपण त्या चिमटून काढतो. स्टीलच्या डब्याला मात्र त्या चालत नाहीत. तिथे त्यांचं नाव चुण्या, आणि असा डबा थेट भंगारात. म्हणून पत्र्याची चकती डायच्या तोंडावर ठेवायची, कडेवर एक जड कडं दाबून धरायचं आणि वरून पंच खाली सोडायचा. त्या कड्याला कारखान्यात ब्लँक होल्डर म्हणतात. पंच पत्र्याला आत ओढतो, कड्याखालून पत्रा सरकत येतो, डायच्या गोल ओठावरून वळतो आणि डब्याची भिंत होतो. कडं सैल पडलं तर चुण्या येतात. फार घट्ट झालं तर पत्रा सरकत नाही आणि तळाजवळ फाटतो, पारी फाटते तसाच.

घासाघीस होते ती इथे. समजा कडं दहा टनांनी दाबलेलं आहे. पत्र्याला वरून कडं घासतं, खालून डाय. घर्षणांक ०.१५ असेल तर नुसत्या घासण्यापोटी तीन टन जास्त ओढ लागते. तो ०.१० वर आणला तर दोन टन. पुढे डायच्या ओठावर आणखी एक जकात द्यावी लागते. बंदरावर बोटीचा दोर खुंट्याला गुंडाळतात तो पाहिला असेल. एखाद-दोन वेढे दिले की एकटा माणूस अख्खी बोट धरून ठेवतो, कारण वेढ्यागणिक घर्षण ओढीला गुणत जातं. पत्रा डायच्या ओठावर पाव वेढा घेतो. घर्षणांक ०.१५ असेल तर त्या पाव वेढ्यात ओढ २७ टक्क्यांनी वाढते, ०.१० ला १७ टक्क्यांनी, ०.०५ ला फक्त ८ टक्क्यांनी. आणि हा सगळा भार डब्याच्या त्याच पातळ भिंतीला सोसावा लागतो. भिंत थकली की फाटली.

मग घर्षण शून्यावर आणलं की प्रश्न मिटला, असं वाटेल. मिटत नाही. पंचाचं नाक, म्हणजे तळाकडची गोलाई, जिथे पत्र्याला टेकते तिथे घर्षण हवं असतं. तिथे पत्रा पंचाला धरून राहिला तर तळाजवळचा नाजूक भाग ताणला जात नाही आणि डबा खोल निघतो. गाडीचा दरवाजा किंवा बॉनेट काढताना तर पत्रा चारही बाजूंनी ताणावा लागतो, नाहीतर तो लिबलिबीत राहतो. म्हणून तिथे कडेला मुद्दाम उंचवटे ठेवून पत्र्याला ब्रेक लावतात. म्हणजे एकाच साच्यावर इथे घसर, तिथे थांब, असं सांगायचं असतं. तेलाला ही वाटणी सहसा नीट जमत नाही, कारण प्रेसवर पत्र्याला तेल लावलं की ते बहुधा सगळीकडेच लागतं. वाटणी नीट करायची तर ती साच्याच्या पृष्ठभागावर करणं बरं.

शाळेत आपण शिकलो ते सोपं होतं: घर्षण दाबाच्या प्रमाणात, क्षेत्रफळाशी संबंध नाही. आमोंताँ या फ्रेंच गृहस्थाने १६९९ मध्ये हे मांडलं, पुढे कूलाँने ते पक्कं केलं. टेबलावरच्या ठोकळ्याला ते चालतं. पत्र्याच्या कामात मात्र कच्चं पडतं. तरीही साच्याची परीक्षा संगणकावर घेताना पूर्ण साच्याला एकच आकडा द्यायचा, बहुतेक वेळा ०.१५, अशी वहिवाट कैक वर्षं चालत आली. तो आकडा कुठून आला हे कुणी फारसं विचारत नसे. ट्वेन्टेच्या मंडळींनी विचारलं. त्यांचं म्हणणं असं की घर्षण हा पत्र्याचा गुण नाही आणि साच्याचाही नाही. ते त्या क्षणी त्या ठिकाणी घडतं. दाब किती, वेग किती, साचा किती तापलाय, पत्रा किती ताणला गेलाय, चौरस मीटरला तेल किती, आणि दोन्ही पृष्ठभाग सूक्ष्मपणे कसे आहेत, यावर ते प्रत्येक बिंदूला वेगळं निघतं. योहान होल यांचा २०१३ चा प्रबंध याच विषयावर आहे. त्या कामातून ट्रायबोफॉर्म नावाची कंपनी उभी राहिली आणि नंतर ती ऑटोफॉर्म या स्विस कंपनीने घेतली. या गटाच्या पुढच्या संशोधनात आयमाउडनचं टाटा स्टील भागीदार होतं, आणि त्या निबंधांच्या लेखकांच्या यादीत एक अस्सल मराठी वळणाचं आडनाव वाचून मला उगाचच अभिमान वाटला होता.

आता पृष्ठभाग जवळून पाहू. गाडीचा पत्रा हाताला गुळगुळीत लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो सह्याद्री असतो. या डोंगरांची उंची साधारण एक-दोन मायक्रॉन, आणि आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाडीचा. हा खडबडीतपणा अपघाताने आलेला नाही. पोलाद कारखान्यात शेवटच्या रोलवर ठिणग्या पाडून बारीक खळगे करतात आणि रोल ती नक्षी पत्र्यावर उमटवतो. साचा पत्र्यावर टेकतो तो फक्त डोंगरमाथ्यांवर. दऱ्यांमध्ये तेल साठतं, पावसाळी तळ्यांसारखं. दाब वाढला की माथे चेपतात, तळी आक्रसतात, आणि कोंडलेलं तेल पिळून माथ्यांवर येतं. नेमकं हवं असतं तेव्हाच ते वर येतं, ही यातली गंमत.

साच्याचेही डोंगर असतात, पण ते कडक. मऊ पत्र्यात ते नांगरासारखे घुसतात. म्हणून साचा पत्र्यापेक्षा पुष्कळ गुळगुळीत ठेवावा लागतो. आणि गुळगुळीत म्हणजे किती, एवढाच प्रश्न नसतो. कोणत्या दिशेने, हाही असतो. मी पिंपरीत ज्या टूलरूममध्ये उमेदवारी केली तिथले मिस्त्री ऑइल स्टोन आणि पॉलिश पेपर देताना ग्रेडबद्दल एक शब्द बोलायचे आणि दिशेबद्दल दहा. शेवटचे हात पत्रा ज्या वाटेने वाहणार त्याच वाटेने मारायचे. आडवे मारले तर प्रत्येक ओरखडा पत्र्याला आडवा बांध होतो. तपासायला ते अंगठ्याचं नख डायच्या ओठावरून ओढत. ट्वेन्टेत याच तपासणीसाठी पृष्ठभागाचा त्रिमितीय नकाशा काढतात. नकाशा नखापेक्षा अचूक आहे यात शंका नाही, पण नखाला वीज लागत नव्हती आणि रांगही नव्हती.

पिंपरीचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. १९६६ च्या सुमारास टेल्कोने तिथे पाय रोवले तेव्हा सुमंत मुळगावकरांनी गाड्या काढण्याआधी यंत्रं आणि प्रेस टूल्स बनवण्याची सोय उभी केली, उमेदवारांना शिकवायची शाळा काढली. लोकांना त्यांनी लावलेली झाडं आणि तळं आठवतं. मला वाटतं, साचे आपले आपण बनवायचे हा त्यांचा हट्ट जास्त मोलाचा होता. शेजारी आकुर्डीला बजाजची चेतक १९७२ पासून निघू लागली. तिचा सांगाडाच मुळी दाबलेल्या पत्र्याचा. तिच्या मागच्या त्या गोल फुगीर डिक्क्या आठवा. तो फुगवटा चुणी न पडता काढणारे हात या सगळ्या पट्ट्यात तयार झाले, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचे वडील-काका त्यातलेच.

एक गैरसमज मात्र त्या पट्ट्यातही होता आणि इथेही आहे: साचा आरशासारखा चकचकीत केला की झालं. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवा आणि वेगळ्या करून पाहा. फार गुळगुळीत पृष्ठभागांत तेलाला थांबायला जागा उरत नाही, ते पिळून बाहेर जातं, आणि धातूला धातू भिडतो. स्टेनलेसमध्ये तर हे हमखास. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, म्हणून ते गंजत नाही. ताणताना तो थर फाटतो, खालचा ताजा धातू उघडा पडतो आणि साच्याच्या पोलादाला चिकटतो. एक कण चिकटला की त्यावर दुसरा बसतो. तो गोळा पुढच्या प्रत्येक डब्यावर उभा ओरखडा काढत जातो. याला गॉलिंग म्हणतात. नवीन स्टीलच्या सिंकवर किंवा भांड्यावर चिकटलेली प्लॅस्टिकची फिल्म आपण सोलून काढतो ना? दुकानात ओरखडे पडू नयेत एवढंच तिचं काम नसतं. पुष्कळदा ती प्रेसखालीही वंगण म्हणून राबलेली असते. आपल्या डच न्हाणीघरातला फिलिप्सचा रेझर घ्या. तो उत्तरेला द्राख्तनमध्ये बनतो. त्याच्या गोल टोप्यांसारखे स्टेनलेसचे बारीक भाग लाखांनी काढायचे म्हणजे साच्याला एक कण चिकटणंही परवडत नाही.

गेल्या वर्षी या सगळ्याचा एक खटला माझ्या घरापर्यंत आला. माझ्या मावसभावाचं भोसरीत छोटं प्रेस शॉप आहे, स्टेनलेसचे डबे काढतो. त्याचा माल घेणारा व्यापारी तो पुढे जर्मनीला पाठवतो. तिकडून कागद आला: तेलात क्लोरिनेटेड पॅराफिन नको, तसं लिहून द्या. ही पॅराफिनं म्हणजे स्टेनलेस ओढण्यातला रामबाण. उष्णतेत त्यांतलं क्लोरीन धातूवर एक निसरडा थर धरतं आणि गॉलिंग थांबतं. पण ती निसर्गात विरघळून जात नाहीत, साठत राहतात. त्यांतली आखूड साखळीची २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेली. त्याने बिचाऱ्याने तेल बदललं. कामगारांच्या हातांची खाज कमी झाली, आणि डब्यांवर ओरखडे सुरू झाले. शिफ्टमध्ये तीन-चारदा प्रेस थांबवून डायला पेपर मारावा लागू लागला. ऑर्डर जाते की राहते अशी वेळ. फोनवर म्हणाला, "दादा, तुम्ही तिकडे एवढं संशोधन करता, लेझरने साच्यावर खळगे पाडून मिळतात म्हणे. ब्रोशर आलंय. करून घेऊ का?"

खळग्यांची कल्पना खोटी नाही, आणि आपल्याला नवीही नाही. पाट्या-वरवंट्याला आणि जात्याला टाकी लावून घ्यायचे ते कशासाठी? दगडाचा पृष्ठभाग हव्या त्या कामासाठी घडवायला. तिथे दाणा पकडायचा होता, इथे तेल पकडायचं आहे, एवढाच फरक. लेझरने साच्यावर काही मायक्रॉन खोल, बंद तोंडाचे खळगे पाडले तर प्रत्येक खळगा तेलाची वाटी होतो आणि झिजलेला कचराही पोटात घेतो. पण अटी बऱ्याच आहेत. लेझरने वितळलेला धातू खळग्याच्या काठावर वरंबा करून बसतो. तो घासून काढला नाही तर खळगा म्हणजे किसणी. खळगा मोठा झाला तर मऊ पत्रा त्यात शिरतो आणि नक्षी डब्यावर उमटते. दाब फार असेल किंवा तेल फारच कमी असेल तर खळग्यांनी घर्षण वाढतंही. शिवाय टाकी झिजते, तशी हीसुद्धा झिजते. माझं मत विचाराल तर हा शेवटचा उपाय आहे. ब्रोशरमध्ये तो पहिल्या पानावर असतो.

म्हणून त्याला आधी डायचे फोटो मागितले. ओठावरचे पॉलिशचे हात गोल गोल फिरलेले, म्हणजे पत्र्याला आडवे. मुलगा नवीन होता, त्याला कुणी दिशा सांगितलीच नव्हती. ते आधी सरळ करून घेतलं. नंतर डायच्या तोंडावरचं पोलादाचं कडं बदलून अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचं बसवलं. हा जुना उपाय आहे. स्टेनलेस पोलादाला चिकटतं, या ब्राँझला सहसा चिकटत नाही. ब्राँझ पोलादाइतकं कडक नाही, लवकर झिजतं, ही त्याची किंमत. पण छोट्या कारखान्याला कडं बदलणं परवडतं. कोटिंगचाही विचार झाला. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचा काळा थर, दोन्ही पुण्यात करून मिळतात. मात्र कोटिंगच्या भट्टीत काही वेळा धातूचे बारीक थेंब उडून थरावर बसतात, म्हणून कोटिंगनंतर पुन्हा हलकं पॉलिश हवंच, आणि ते करायला पुन्हा तोच दिशा जाणणारा हात लागतो. हार्ड क्रोमही एक वाट होती. युरोपात मात्र तिच्यासाठी लागणारं क्रोमियम ट्रायऑक्साइड सप्टेंबर २०१७ पासून परवानगीशिवाय वापरता येत नाही. आज जर्मन गिऱ्हाइकाने तेलाचं विचारलं, उद्या क्रोमचं विचारेल.

मला यात खरी मेख दिसते ती ही. इतकी वर्षं साच्याच्या पृष्ठभागातल्या उणिवा तेलाने झाकल्या. आता तेलावरच गदा येते आहे, कायद्याने, आरोग्याने आणि खर्चानेही, कारण तेलकट पत्रा रंगाआधी धुवावा लागतो. आपल्या सीमेपलीकडे जर्मनीत तर बिनतेलाने पत्रा ओढण्याचा मोठा संशोधन कार्यक्रम झाला. ड्रेस्डेनच्या लोकांनी ब्लँक होल्डर सपाट न ठेवता त्याला लाटा दिल्या. पत्रा फक्त लाटांच्या माथ्यावर टेकतो, मध्ये किंचित वाकत जातो. टेकणारी जागा कमी, आणि त्या वाकण्यामुळे चुण्याही धरत नाहीत. स्टुटगार्टमध्ये साच्याला लेझरने अगदी बारीक आरपार छिद्रं पाडली आणि त्यांतून दाबाखाली कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडला. तो वंगणाचं काम करतो आणि मग हवेत निघून जातो, धुवायला काही उरत नाही. प्रयोगशाळेत हे चालतं. भोसरीच्या शेडमध्ये चालायला अजून वेळ आहे.

ट्वेन्टेची आकडेमोड मात्र तिथे आजही उपयोगी पडू शकते. साचा कापण्याआधीच, ओठाची गोलाई किती ठेवली, पृष्ठभाग किती घासला, तेल किती लावलं तर पत्रा कुठे फाटेल, हे पडद्यावर दिसतं. नाहीतर साचा बनवायचा, प्रेसवर चढवायचा, ट्रायल घ्यायची, फाटलं की उतरवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा, यात आठवडे जातात. सकाळच्या थंड साच्यावर चांगले निघणारे भाग दुपारी साचा तापल्यावर का फाटतात, या जुन्या भुताटकीचंही उत्तर या हिशोबात मिळतं. पण त्या हिशोबाला खुराक लागतो तो खऱ्या साच्याच्या खऱ्या पृष्ठभागाच्या मोजमापाचा. आणि तो पृष्ठभाग घडवणारे आमच्या वेळचे मिस्त्री आता सत्तरीत आहेत. इथल्या टूलरूममधली परिस्थितीही वेगळी नाही. पॉलिशच्या टेबलावरचे दोन्ही डच सहकारी निवृत्तीला आलेत आणि त्या जागांसाठी आलेल्या अर्जांपेक्षा आमच्या कॅन्टीनमधली कॉफी यंत्रं जास्त आहेत. मोजणारे आपण पुष्कळ तयार केले, घडवणारे कमी. सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा घरातल्या अशा एखाद्या काकांच्या शेजारी मुलांना तासभर बसवा आणि हातात पॉलिश पेपर द्या, एवढी माझी विनंती आहे. ट्वेन्टेत शिकणाऱ्यांना तर नक्कीच.

भोसरीचा डबा आता बरा आहे. पेपर मारायला प्रेस शिफ्टमध्ये एकदा थांबते, कधी थांबतही नाही. गणपतीच्या आधी जर्मनीची खेप वेळेवर गेली. ब्राँझचं दुसरं कडं त्याने करून ठेवलंय. फक्त आता उत्साहाच्या भरात तो पंचाचं नाकसुद्धा चकचकीत करायला निघालाय. तिथे घर्षण राहू दे, हे फोनवर तीनदा सांगून झालं. पटलेलं दिसत नाही. डिसेंबरात जाईन तेव्हा समोर बसवून मोदकाची पारी दाखवीन म्हणतो.